मेनू एका फाईलीत, पानं आपापल्या कपाटात: वाचनालयाच्या वेबसाइटची आवराआवर

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची वेबसाइट माझ्या भाच्याने 2012 च्या मे महिन्यात, सुट्टीला आला होता तेव्हा करून दिली. बारा पानं, वर निळा पट्टा, पट्ट्यात सात बटणं. पुढे भाचा नोकरीला लागला आणि साइट माझ्या गळ्यात पडली. मी ग्रंथपाल, पुस्तकं लावायची सवय; फायली लावायची नव्हती. नवीन पान हवं झालं की जुन्या पानाची कॉपी काढायची, मजकूर बदलायचा, अपलोड करून मोकळं व्हायचं. असं करता करता पानं झाली 43, आणि प्रत्येक पानात तो मेनू वेगळा चिकटवलेला.

याचा हिशेब दिवाळीत चुकता व्हायचा. आमची दिवाळी अंक योजना असते. ऑक्टोबरात मेनूत तिची एक ओळ वाढवायची आणि फेब्रुवारीत काढायची. म्हणजे वर्षातून दोनदा 43 फायली उघडा, बदला, सेव्ह करा, चढवा. एका वर्षी पाच पानं माझ्या हातून सुटली. त्यातल्या एका पानावरून ‘कार्यकारिणी’ दाबलं की तीन वर्षांपूर्वीची कार्यकारिणी उघडायची. माजी अध्यक्षांचा फोन आला, “बाई, वेबसाइटवर अजून मीच अध्यक्ष आहे. बदलायची घाई नाही, नुसतं कानावर घातलं.”

त्या फोननंतर मी साइट आवरायला घेतली. खाली लिहिलंय ते हाताने बांधलेल्या लहान साइटसाठी आहे: वाचनालय, शाळा, गिरिभ्रमण मंडळ, भजनी मंडळ, कोणाचीही. वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मेनू आधीच एका जागी असतो, तुम्हाला फक्त पत्ते आणि नावं यांबद्दलचा भाग कामाचा. आम्ही वर्डप्रेसवर गेलो नाही, कारण त्याचे अपडेट वेळच्या वेळी करणारं माणूस आमच्याकडे नाही, आणि न सांभाळलेल्या वर्डप्रेसपेक्षा साध्या फायली बऱ्या असं माझं मत आहे.

एक सांगून ठेवते. फायलींची आणि फोल्डरांची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. संगणकावर ती रोमन लहान अक्षरांतच ठेवा. का, ते पुढे येईल.

आधी कार्डं मांडा, मग संगणक उघडा

सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी मी जुन्या तालिकापत्रांचा गठ्ठा काढला. तेच तीन बाय पाच इंचांचे कार्ड, संगणक आल्यापासून खोक्यात पडून होते. मागची बाजू कोरी. एका पानाला एक कार्ड: वर पानाचं नाव, खाली साइटवरचा सध्याचा पत्ता, आणि तिसरी ओळ रिकामी, नव्या पत्त्यासाठी. वाचनकक्षातलं मोठं टेबल भरून गेलं.

संगणकावर यादी करता आली असती. पण टेबलावर जे दिसतं ते यादीत दिसत नाही. ‘वर्गणी’ची तीन कार्डं निघाली: वर्गणी, नवीन वर्गणी, आणि ‘वर्गणी2’. तिन्ही पानं साइटवर जिवंत होती आणि तिन्हींवर आकडे वेगळे. चार पानं अशी निघाली की त्यांच्याकडे जाणारी लिंक कुठेच नव्हती. ती कोणी वाचत असेल तर गूगलमधून थेट येऊन.

कार्डांचे ढीग करायला लागल्यावर मी पहिली चूक केली. मेनूत सात बटणं आहेत ना, मग सात ढीग, सात फोल्डर. त्यातल्या एका बटणाचं नाव होतं ‘नवीन’ आणि एकाचं ‘विशेष’. तसे फोल्डर केलेसुद्धा. सहा महिन्यांत ‘नवीन’ फोल्डरमध्ये जुनी पानं साठली, आणि ‘विशेष’मध्ये काय ठेवायचं होतं ते मलाही आठवेना.

मग माझ्याच धंद्यातली गोष्ट डोक्यात आली. पुस्तक वाचनालयात आलं की दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक पडतो. पुढे ते कथासंग्रहांच्या कपाटात ठेवा, दारातल्या ‘नवीन आलेली पुस्तके’च्या स्टँडवर मांडा, नाहीतर बाइंडिंगला पाठवा, दाखल क्रमांक तोच राहतो. पानाचा पत्ता म्हणजे दाखल क्रमांक. मेनू म्हणजे दारातला स्टँड. स्टँडवरची मांडणी महिन्याला बदलेल, बदललीच पाहिजे. पण स्टँड हलवला म्हणून कोणी दाखल क्रमांक खोडून नवा लिहीत नाही. मी फोल्डर मेनूप्रमाणे लावत होते म्हणजे नेमकं तेच करत होते.

तेव्हा ढीग करताना विचारायचं एवढंच: हे पान पाच वर्षांनी कशाबद्दलचं असेल? दिवाळी अंक योजनेचं पान मेनूत चार महिने दिसतं, पण ते बाराही महिने सभासदांबद्दलचंच असतं. ते ‘सभासद’मध्ये. मेनूत त्याला वेगळं बटण मिळेल, न मिळेल, तो स्टँडचा प्रश्न.

आमची शेवटची मांडणी अशी झाली:

वाचनालय: इतिहास, कार्यकारिणी, वेळा, संपर्क
सभासद: वर्गणी, नियम, दिवाळी अंक योजना
ग्रंथ: नवी खरेदी, दुर्मीळ ग्रंथ, बालविभाग
उपक्रम: आत वर्षांचे फोल्डर, 2013 पासून
अहवाल: वार्षिक अहवालांच्या पीडीएफ
सामायिक: मेनू, वरचा पट्टा, तळपट्टी
साधने: चित्रं, सीएसएस (रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या फायली), जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम)

उपक्रमांना वर्षाचे फोल्डर दिले, कारण 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन दरवर्षी येतात आणि दरवर्षीचे फोटो वेगळे. झालेल्या कार्यक्रमाचं वर्ष बदलत नाही. कार्यकारिणीला मात्र वर्ष देऊ नका. ‘कार्यकारिणी-2019’ असं नाव दिलंत की पुढच्या निवडणुकीला नवीन पान होतं, जुनं तसंच राहतं, आणि मग माजी अध्यक्षांचा फोन येतो.

फोल्डरात फोल्डर किती? साइटच्या दारापासून पान दोन पायऱ्यांवर असावं, फार तर तीन. आमच्याकडे फक्त उपक्रम तिसऱ्या पायरीवर जातात.

नावं

इथे मी तीनदा ठेच खाल्ली आहे.

पहिली ठेच लहान-मोठ्या अक्षरांची. नियमांच्या पानाच्या फाईलीचं पहिलं अक्षर मी कॅपिटल ठेवलं आणि लिंकमध्ये स्मॉल लिहिलं. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून जगाला दिसते त्या संगणकावर, चढवलं तर ‘पान सापडत नाही’. विंडोजला दोन्ही नावं एकच वाटतात. बहुतेक होस्टिंगचे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्याला ती दोन वेगळी नावं. तेव्हापासून सगळं लहान अक्षरांत, अपवाद नाही.

दुसरी, मोकळ्या जागेची. नावात स्पेस दिली की पत्त्यात तिथे टक्क्याचं चिन्ह आणि 20 येतं, आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की पुष्कळदा पहिल्या स्पेसपाशीच तुटते. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ द्या, हायफन. खालची रेघ नको. लिंकखाली अधोरेखा आली की ती त्यात बुडून जाते आणि फोनवर पत्ता सांगताना समोरच्याला ती सापडत नाही.

तिसरी ठेच प्रेमाची. मराठी वाचनालय, मग पत्तेही मराठीत असावेत असं मला वाटलं. ‘संपर्क’ नावाचा फोल्डर देवनागरीत केला. ब्राउझरच्या पट्टीत सुंदर दिसला. कॉपी करून एका सभासदाला पाठवला तर टक्क्यांची आणि आकड्यांची आगगाडी. यूटीएफ-8 म्हणजे संगणकाची अक्षरं साठवायची पद्धत; तिच्यात देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. ‘संपर्क’मध्ये अनुस्वार आणि हलन्त धरून सहा चिन्हं, म्हणजे 54 अक्षरं, एवढ्याशा शब्दाला. पानावरचा मजकूर, मेनूवरची नावं सगळं देवनागरीत ठेवा. फक्त फाईलीचं नाव रोमनमध्ये, आणि इंग्रजी शब्द शोधत बसू नका: ‘वर्गणी’, ‘नियम’, ‘अहवाल’ हेच रोमन अक्षरांत लिहा. माझ्यानंतर येणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल.

फोटो व्हॉट्सॲपवरून जसे येतात तसे, तारीख आणि क्रमांकाच्या नावाने, चढवू नका. ‘व्याख्यानमाला-2023-01’ एवढं नाव बदलायला दहा सेकंद लागतात. आणि ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘आता-नक्की’ ही नावं ज्याच्या लॅपटॉपवर असतील त्याच्याच लॅपटॉपवर राहू द्या.

मेनू एकाच फाईलीत

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, तू अजून 43 पानांत मेनू बदलतेस? मेनू वेगळ्या फाईलीत काढ, बाकीच्या पानांना सांग तो आणून दाखवायला.”

पूर्वी यासाठी फ्रेम वापरायचे, खिडकीचे दोन भाग करून एकात कायमचा मेनू. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 2014 च्या आवृत्तीत, एचटीएमएल5 मध्ये, ती पद्धत बाद झाली, तुमच्या साइटवर असेल तर काढून टाका. दुसरा मार्ग जावास्क्रिप्टने मेनू आणण्याचा. चालतो, पण स्क्रिप्ट अडकली की पानावर मेनूच नाही; आमच्याकडचं मोबाईलचं नेटवर्क पाहता मला तो धोका नको होता. तिसरा मार्ग सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी या भाषेचा, जो अगदी स्वस्तातल्या होस्टिंगवरही बहुधा असतोच. पान सर्व्हरवरून निघतानाच मेनू आत घालून निघतं, वाचणाऱ्याच्या फोनला काही करावं लागत नाही. मी तोच घेतला. त्यासाठी पीएचपी शिकावं लागत नाही. एक आदेश पुरतो, त्याचं नाव इन्क्लूड.

करायचं असं. एका पानातला मेनूचा तुकडा, म्हणजे नॅव्ह या टॅगच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कापून ‘सामायिक’ फोल्डरमध्ये मेनू.पीएचपी या नावाने ठेवा. त्यात एचटीएमएलचं डोकं, बॉडी वगैरे काही नको, फक्त तो तुकडा. पानात जिथून तो कापला तिथे इन्क्लूडची एक ओळ लिहा. वरचा पट्टा आणि तळपट्टी यांचंही तसंच करा. तळपट्टीत आमचा फोन नंबर आहे, तो बदलला तेव्हा या कष्टाचे पैसे वसूल झाले.

आता स्लॅशची गोष्ट, आणि इथे सावकाश वाचा, कारण माझा एक अख्खा रविवार यात गेला.

मेनूतल्या लिंका मी आधी नुसत्या लिहिल्या होत्या: ‘वाचनालय/संपर्क/’. मुखपृष्ठावरून बरोबर चालल्या. ‘उपक्रम/2023/’ मध्ये जाऊन ‘संपर्क’ दाबलं तर ब्राउझर शोधायला लागला ‘उपक्रम/2023/वाचनालय/संपर्क/’. असं काही जगात नाही. नुसती लिंक, वाचणारा ज्या फोल्डरात उभा आहे तिथून मोजली जाते. मेनू तर सगळ्या फोल्डरांत दिसणार. म्हणून मेनूतल्या प्रत्येक लिंकच्या सुरुवातीला स्लॅश हवा: ‘/वाचनालय/संपर्क/’. तो पहिला स्लॅश म्हणजे ‘साइटच्या दारापासून मोज’. दोन टिंबं आणि स्लॅश लावून एकेक पायरी वर चढण्याची पद्धत मेनूत वापरूच नका. चित्रं आणि सीएसएस यांच्या लिंकांनाही हाच नियम.

हे कळल्यावर शहाणपणा करून मी इन्क्लूडच्या ओळीतही सुरुवातीला स्लॅश दिला. साइट कोरी. तिथला स्लॅश वेगळा निघाला. लिंक ब्राउझर वाचतो, त्याचा स्लॅश साइटच्या दाराशी थांबतो. इन्क्लूड सर्व्हर वाचतो, त्याला स्लॅश म्हणजे स्वतःच्या अख्ख्या डिस्कचं मूळ वाटतं, जिथे आमचा ‘सामायिक’ फोल्डर कसा असणार? म्हणून इन्क्लूडमध्ये आधी ‘डॉक्युमेंट रूट’ हे सर्व्हरचं तयार नाव लिहायचं, म्हणजे तुमच्या साइटचा फोल्डर डिस्कवर जिथे असेल तो रस्ता आपोआप येतो, आणि त्यापुढे ‘/सामायिक/मेनू.पीएचपी’. ही एक ओळ एकदा बरोबर जमली की सगळ्या पानांत तीच, पान कितीही खोल असो.

दोन बारीक गोष्टी. नोटपॅड प्लस प्लसमध्ये मेनूची फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8’ असावं, आणि त्यातही ‘बीओएम’ (फाईलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) नसलेलं. बीओएम राहिलं तर मेनूच्या वर एक बिनकामाची पांढरी पट्टी येते आणि तुम्ही सीएसएसमध्ये तिचं कारण शोधत बसता. आणि ‘आन्सी’ ठेवलंत तर ‘कार्यकारिणी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

दुसरं, हे पान लॅपटॉपवर डबल क्लिक करून उघडलं तर मेनू दिसणार नाही. पीएचपी चालवायला सर्व्हर लागतो. झॅम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, साइटचा सगळा ऐवज त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरात थेट ठेवा, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पाहा. एचटीडॉक्सच्या आत आणखी एक फोल्डर करून त्यात साइट ठेवलीत तर पहिल्या स्लॅशचं गणित पुन्हा चुकेल.

आपण कुठल्या विभागात आहोत ते मेनूत उठून दिसावं असं वाटत असेल तर प्रत्येक पानाच्या अगदी वर ‘विभाग = सभासद’ अशा अर्थाची एक ओळ द्या आणि मेनूच्या फाईलीला ते नाव जुळवून त्या बटणाला गडद रंग द्यायला सांगा. मी हे सगळ्यात शेवटी केलं. तुम्हीही शेवटीच करा.

पत्त्याच्या शेवटी काय

प्रत्येक पानाला स्वतःचा फोल्डर आणि आत इंडेक्स.पीएचपी, अशी मी मांडणी ठेवली. ‘/सभासद/वर्गणी/’ असा पत्ता मागितला की सर्व्हर त्या फोल्डरातली इंडेक्स फाईल आपणहून देतो. पत्त्यात पीएचपी, एचटीएमएल काही दिसत नाही, म्हणून उद्या पीएचपी सोडून दुसरं काही आलं तरी पत्ता तोच राहील. फोल्डर जास्त होतात, कबूल. पण एकेका पानाची चित्रं त्याच्याशेजारी ठेवता येतात.

खबरदारी एवढीच की जुनी इंडेक्स.एचटीएमएल त्याच फोल्डरात राहू देऊ नका. दोन्ही असल्या तर कोणती आधी द्यायची ते सर्व्हरच्या सेटिंगवर असतं, आणि माझ्या सर्व्हरने जुनीच दिली. मी तासभर नवीन फाईल बदलत होते आणि पडद्यावर काही हलत नव्हतं.

जुने पत्ते

आता कार्डांची तिसरी ओळ कामाला येते. जुना पत्ता वर, नवा खाली: सगळी पानं हलवून झाली की हीच तुमची वळवण्यांची यादी. साइटच्या मूळ फोल्डरात ‘टिंब-एचटीॲक्सेस’ नावाची, सर्व्हरला सूचना देणारी फाईल असते. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती लपलेली असते. सीपॅनलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पानाच्या) फाईल मॅनेजरमध्ये ‘लपलेल्या फायली दाखवा’ चालू करा. तिच्यात एका कार्डाची एक ओळ: रीडायरेक्ट, मग 301, मग जुना पत्ता, मग नवा. 301 म्हणजे कायमचा मुक्काम हलवला. ब्राउझर ते लक्षात ठेवतात, त्यामुळे चुकीचं लिहिलंत तर दुरुस्त केल्यावरही तुमच्याच फोनवर जुनी चूक दिसत राहते. म्हणून आधी 302, म्हणजे तात्पुरतं, लिहून तपासा. सगळं जमलं की 301 करा.

त्या फाईलीत एक अक्षर चुकलं तर पूर्ण साइट बंद पडू शकते. म्हणून तिची एक प्रत आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवा. खरं तर कुठल्याही कामाआधी साइटची पूर्ण झिप उतरवा, नावात तारीख घाला, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. मी पेन ड्राइव्ह कपाटात, नोंदवह्यांबरोबर ठेवते.

चढवून झाल्यावर 43 कार्डं हातात घेऊन एकेक जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. जमलं की कोपऱ्यात टिकमार्क. लिंका तपासणारी मोफत साधनं आहेत, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचंही आहे, ती नंतर चालवली. त्यात आणखी दोन तुटलेली चित्रं सापडली.

आमच्या लिपिकासाठी एक चिठ्ठी फाईल लिहून ठेवली आहे: मेनू कुठे आहे, नवीन पान कसं करायचं, फाईलीचं नाव कसं ठेवायचं. ती सर्व्हरवरच्या पब्लिक एचटीएमएल या, साइट असलेल्या फोल्डराच्या बाहेर ठेवली आहे, कारण आतलं सगळं जगाला दिसू शकतं. मागच्या दिवाळीत मी बहिणीकडे होते. मेनूत योजनेची ओळ लिपिकाने घातली, फोन न करता.

43 पैकी एक कार्ड मात्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. सभासदांच्या ओळखपत्रांवर मागे क्यूआर कोड छापला होता, तो ‘वर्गणी2’ या पत्त्याचा. सहाशे ओळखपत्रं छापून वाटून झाली आहेत, काही लोकांनी लॅमिनेशनही केलंय. टिंब-एचटीॲक्सेसमध्ये त्या पत्त्याच्या वळवणीच्या वरच्या ओळीत मी हॅश लावून सूचना लिहिली आहे: ही ओळ काढू नये, ओळखपत्रं संपेपर्यंत. ओळखपत्रं कधी संपतील ते विचारायला लिपिक परवा आला होता. नवीन छपाईचा ठराव अजून सभेपुढे आलेला नाही.